नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यासाठी संचालनाचे सॉफ्टवेअर: निवड करण्याआधी काय ठरवावे

प्रश्न: पुण्याजवळच्या एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातील अभियंत्यांनी विचारले आहे. शहराची लोकसंख्या सुमारे ८०,००० आहे. रोज १२ एमएलडी (दशलक्ष लिटर दररोज) पाणी शुद्धीकरण केंद्रातून टेकडीवरच्या मुख्य टाकीत चढवले जाते. त्यासाठी तीन पंप असून दोन चालू आणि एक राखीव असतो. मुख्य टाकीतून चार उंच टाक्यांमार्फत झोनवार तीन-तीन तास पाणी सोडले जाते. जाळ्याचे संचालन इष्टतम करणारे सॉफ्टवेअर घेण्यासाठी निधी मिळण्याची शक्यता आहे. तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, मोफत मिळणारे ईपॅनेट (पाइपच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारे सॉफ्टवेअर) पुरेल का, वीजबिल किती कमी होईल आणि चोवीस तास पाणी नसताना अशा सॉफ्टवेअरचा उपयोग होतो का, असे चार मुद्दे त्यांनी मांडले आहेत.

उत्तर:

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिन्ही मुद्द्यांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. ठरावीक वेळीच पाणी सोडणाऱ्या शहरातही अशा सॉफ्टवेअरचा उपयोग होतो. माझ्या मते तो चोवीस तास पाणी असलेल्या शहरापेक्षा जास्तच होतो, कारण इथे दररोज घ्यावे लागणारे निर्णय जास्त असतात. मात्र ज्या गृहीतकांवर ही सॉफ्टवेअर उभी आहेत ती आपल्या गावाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. कंपनीच्या सादरीकरणात हा फरक सहसा दाखवला जात नाही, म्हणून तो आधी समजून घ्यावा.

पाठ्यपुस्तकातल्या जाळ्यात ग्राहक गरजेप्रमाणे नळ उघडतो, त्यामुळे दिवसभरातल्या मागणीचा एक आलेख ठरतो आणि जाळे त्या मागणीप्रमाणे पाणी देते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. प्रत्येक घराच्या किंवा सोसायटीच्या दाराशी जमिनीखाली हौद असतो, त्याच्या तोंडावर बॉल कॉक असतो आणि पाणी सुटले की हौद भरेपर्यंत नळ उघडाच राहतो. त्या वेळी घरात किती पाणी शिरते हे गरजेवर ठरत नाही, दाबावर ठरते. माणशी १३५ लिटर पाणी चोवीस तासांत सावकाश द्यायचे आणि तेच तीन तासांत द्यायचे यांत प्रवाहाच्या दृष्टीने आठपट फरक आहे. ५०,००० ते २ लाख लोकवस्तीच्या शहरासाठी सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या १९९९ च्या नियमावलीत वितरण वाहिन्यांचा पीक फॅक्टर (सरासरीच्या किती पट प्रवाह धरायचा तो आकडा) २.५ धरला आहे. म्हणजे अडीचपटीच्या हिशेबाने टाकलेल्या पाइपमधून आपण आठपट प्रवाह मागत असतो. पाइप तो देऊ शकत नाही, वाटेत दाब संपतो, टाकीजवळची घरे पाऊण तासात भरून मोकळी होतात आणि शेवटच्या टोकाच्या लोकांना तिसऱ्या तासाला धार लागते. मग ते थेट वाहिनीवर मोटार लावतात आणि त्यांच्या पुढच्या घरांचा उरलासुरला दाबही जातो.

म्हणून आपल्या मॉडेलमध्ये प्रत्येक नोडवर (जाळ्यातल्या जोडबिंदूवर) ठरावीक मागणी लादून चालणार नाही. जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये मागणी कायम धरलेली असते आणि दाब अपुरा पडला तर गणित उणे दाब दाखवते, पण मागणी पूर्ण झाली असेच गृहीत धरते. असे उत्तर वाचून कोणताही निर्णय घेता येत नाही. ईपॅनेटच्या २०२० मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत दाबावर अवलंबून असलेल्या मागणीची सोय आहे, ती अवश्य वापरावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक गल्लीतल्या हौदांची मिळून एक छोटी टाकी कल्पून ती नोडला जोडणे, तिच्या वाटेवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह घालणे आणि ती भरली की आवक बंद होईल अशी अट लिहिणे. गल्लीत घरे किती, हौद साधारण किती लिटरचे आणि सोसायट्या किती, एवढी माहिती घरपट्टीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष फेरी यांतून मिळते. अशा मॉडेलमध्ये टाकीजवळचे हौद आधी भरून बंद होतात आणि मग दाब पुढे सरकतो. आपल्या शहरात रोज हेच घडत असते.

एक गोष्ट मात्र ईपॅनेट करत नाही. रिकाम्या वाहिनीत पाणी भरत जाण्याचा काळ त्याच्या गणितात नसतो. सगळे पाइप पहिल्या क्षणापासून भरलेले आहेत असे ते धरते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद ठेवले की शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल, ही वर्तमानपत्रातली सूचना पुणेकरांच्या पाठ आहे, आणि तिचे कारण नेमके हेच आहे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर वाहिनीत सुमारे ७० हजार लिटर पाणी मावते, ते आधी भरावे लागते आणि तेवढी हवा बाहेर पडावी लागते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणताना वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, त्यामागेही कोंडणाऱ्या हवेचा विचार होताच. आपल्याकडे पुरवठा रोज सुरू आणि बंद होत असल्यामुळे भरण्याचा हा काळ रोजच्या तीन तासांतून वजा होतो, आणि लांबच्या झोनमध्ये तो मोठा असतो. हा भाग अभ्यासायचा असेल तर पावसाळी गटारांसाठी तयार झालेले एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर वापरता येते, कारण अर्धवट भरलेल्या पाइपचे गणित त्याला येते. मात्र आपल्या आकाराच्या शहराला पाणी सोडल्यापासून टोकाला पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागतात हे प्रत्यक्ष मोजून ती मिनिटे वेळापत्रकात धरणे पुरेसे आहे.

आता मुख्य प्रश्न: सॉफ्टवेअरने इष्टतम काय करायचे? हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, आपण ठरवतो, आणि त्या एका ओळीवर पुढचे सगळे अवलंबून असते. समजा आपण असे सांगितले की शहरातल्या एकूण तुटीची बेरीज कमीत कमी करा. ही मागणी ऐकायला रास्त वाटते. पण टाकीजवळच्या घराला एक लिटर पोहोचवणे सोपे असते आणि टोकाच्या घराला कठीण, त्यामुळे बेरीज कमी करणारे गणित सोप्या ठिकाणी पाणी ओतते आणि अवघड ठिकाण सोडून देते. उत्तर गणिताच्या दृष्टीने अचूक असते, पण टोकाच्या वस्तीवर अन्याय करणारे असते. त्याऐवजी प्रत्येक गल्लीला तिच्या गरजेच्या किती टक्के पाणी मिळाले हे काढून, ज्या गल्लीचा टक्का सर्वांत कमी आहे तो जास्तीत जास्त वर आणा, असे सांगावे. मग तेच सॉफ्टवेअर वेगळे वेळापत्रक देते: टोकाचा झोन आधी उघडतो, जवळच्या झोनचा व्हॉल्व्ह काही फेरे कमी उघडतो, दोन झोन एकाच वेळी न उघडता मागेपुढे उघडतात.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, तरीही पुण्याच्या कडेच्या उपनगरांतून अपुऱ्या दाबाची तक्रार वर्षानुवर्षे येत राहिली आहे. धरणातल्या साठ्याइतकाच हा वाटपाचा प्रश्न आहे. महापालिकेने समान पाणीपुरवठा योजना आखताना शहराचे वेगवेगळे झोन पाडून प्रत्येक झोनला आपली टाकी आणि मोजणी देण्याचा मार्ग धरला, तो यासाठीच. ज्या झोनमध्ये चार बाजूंनी पाणी येते आणि ज्याची हद्द कोणालाच नेमकी ठाऊक नाही, त्याचे इष्टतमीकरण जगातले कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही. आपल्या चार टाक्यांचे चार झोन खरोखर एकमेकांपासून तुटलेले आहेत का, हे सॉफ्टवेअरच्या निविदेआधी तपासून घ्या. एका झोनचे पाणी बंद ठेवून शेजारच्या झोनमध्ये पाणी सोडावे आणि बंद झोनमधल्या नळांना धार लागते का ते पाहावे. या एका चाचणीतून बरेच काही कळते.

वीजबिलाचा मुद्दा आपण विचारला आहे, आणि निधी मंजूर करणाऱ्यांनाही तोच आधी दिसतो. इथे आकडे मांडूनच बोलायला हवे. पाणी उचलायला लागणाऱ्या युनिटांचे सूत्र सोपे आहे: घनमीटर गुणिले एकूण हेड (पाणी चढवायची उंची आणि घर्षणात जाणारा दाब मिळून) मीटरमध्ये, भागिले ३६७, आणि परत भागिले पंप व मोटारीची मिळून कार्यक्षमता. आपले १२ एमएलडी म्हणजे १२,००० घनमीटर. हेड ६० मीटर आहे असे धरले तर आदर्श स्थितीत रोज सुमारे १,९६२ युनिट लागतील. एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के असेल तर सुमारे २,८०० युनिट, आणि इंपेलर (पंपातले फिरते चाक) झिजून ती ५५ टक्क्यांवर आली असेल तर सुमारे ३,५७० युनिट. फरक रोज साडेसातशेहून अधिक युनिटांचा आहे. उदाहरणापुरता ८ रुपये दर धरला तर वर्षाला सुमारे २२ लाख रुपये होतात. आता वेळापत्रक बदलून २० टक्के वीज महागड्या तासांतून स्वस्त तासांत हलवली आणि दोन्ही दरांत अडीच रुपयांचा फरक धरला, तर वाचणारी रक्कम वर्षाला सुमारे ५ लाख येते. दोन्ही आकडे गृहीतकांवरचे आहेत, आपले खरे आकडे वेगळे असतील. पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बहुतेक जुन्या पंपिंग स्टेशनांत असेच दिसते. म्हणून आधी पंपांची चाचणी करा. बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर, सक्शन आणि डिलिव्हरीवर नवे प्रेशर गेज आणि पॅनेलवर पॉवर अ‍ॅनालायझर एवढ्या साहित्यात तिन्ही पंपांची चाचणी होते, आणि या चाचणीतून मिळालेले वक्रच (कोणत्या प्रवाहाला पंप किती हेड आणि कार्यक्षमता देतो त्याचे आलेख) पुढे सॉफ्टवेअरला द्यायचे असतात. कारखान्याने पंपाबरोबर दिलेला वक्र दहा वर्षांच्या पंपासाठी वापरला, तर सॉफ्टवेअर अस्तित्वात नसलेल्या पंपाचे वेळापत्रक देते.

पंप नीट असतील तर वेळापत्रकाचा प्रश्न खरोखर मनोरंजक होतो, आणि इथे सॉफ्टवेअर आपली किंमत वसूल करून देते. आपल्या रायझिंग मेनमध्ये (पंपापासून टाकीपर्यंतच्या चढणीच्या वाहिनीत) ६० मीटरपैकी ४५ मीटर ही निव्वळ चढण आहे आणि १५ मीटर घर्षणात जातात असे धरू. हेझन-विल्यम्सच्या सूत्राप्रमाणे घर्षण प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढते, म्हणजे प्रवाह निम्मा केला तर घर्षणात जाणारा दाब मूळच्या जवळपास २८ टक्क्यांवर येतो. दोन पंप दहा तास चालवण्याऐवजी निम्म्या प्रवाहाने वीस तास पाणी चढवले तर घर्षण १५ मीटरवरून सुमारे ४.२ मीटरवर, एकूण हेड ४९ मीटरच्या आसपास आणि वीज साधारण १८ टक्के कमी, असा हिशेब निघतो. महावितरणच्या बिलात केव्हीएप्रमाणे लागणारा मागणी आकारही खाली येतो. पण याच्या उलट बाजूला वेळेनुसार बदलणारा दर आहे, जो सांगतो की स्वस्त तासांत दोन्ही पंप लावून टाकी भरून घ्या आणि महाग तासांत थांबा. पहिला विचार पंपिंग दिवसभर पसरवायला सांगतो, दुसरा ते थोड्या तासांत एकवटायला सांगतो. यांचा मेळ कुठे बसतो हे चढण, पाइपचा व्यास, टाकीचे आकारमान आणि दरपत्रक यांवर अवलंबून असते, आणि ते अंदाजाने सांगता येत नाही. शिवाय एकच पंप चालवला की तो आपल्या वक्रावर उजवीकडे सरकतो, निम्म्यापेक्षा जास्त पाणी देतो आणि त्याची कार्यक्षमताही बदलते. त्यामुळे वरचा १८ टक्क्यांचा आकडा ही वरची मर्यादा समजावी.

दरपत्रकाबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. महाराष्ट्रात अनेक वर्षे रात्रीच्या विजेला सवलत आणि सकाळ-संध्याकाळच्या तासांना जादा आकार अशी रचना होती, आणि बहुतेक पंपिंग स्टेशनांची सवय त्याप्रमाणे पडली आहे. सौरऊर्जेची वीज वाढत गेल्यामुळे आता सवलतीचे तास दिवसाकडे सरकत आहेत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर प्रोग्रॅममध्येच लिहिलेले असतात आणि बदलण्यासाठी कंपनीला बोलवावे लागते, ते घेऊ नये. दर हा आपल्या लिपिकाला बदलता येईल असा एक तक्ता असावा.

व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावला की वीज वेगाच्या घनाने कमी होते, असे विक्रेते सांगतात. वेग १० टक्के कमी केला तर वीज ७३ टक्क्यांवर येते हे समीकरण बरोबर आहे, पण ते केवळ घर्षणाविरुद्ध काम करणाऱ्या पंपासाठी. आपल्या पंपाचे शून्य प्रवाहावरचे हेड ७५ मीटर असेल तर ८० टक्के वेगावर ते ४८ मीटर होते आणि ७७ टक्क्यांवर साडेचव्वेचाळीस. समोर ४५ मीटरची चढण आहे. म्हणजे पंप फिरेल, वीज घेईल आणि टेकडीवर एक थेंबही चढणार नाही. चढणीच्या वाहिनीवर ड्राइव्हचा खर्च करण्यापूर्वी हे गणित अवश्य मांडावे.

वेळापत्रक काढताना सॉफ्टवेअरला ज्या मर्यादा सांगाव्या लागतात त्यांतली एक विसरली तर सगळे उत्तर फसवे होते: दिवस संपताना टाकीतली पातळी सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली नसावी. ही अट नसेल तर सॉफ्टवेअर टाकीतला साठा वापरून टाकते, पंप कमी चालवते आणि पहिल्याच दिवशी मोठी बचत दाखवते. ते देणे दुसऱ्या दिवशी फेडावे लागते. बचतीचे दावे तपासताना मी आधी टाकीच्या पातळीचा आलेख मागतो. त्याखेरीज पंप दिवसातून किती वेळा सुरू-बंद करायचे यावर मर्यादा घालावी, कारण प्रत्येक वेळी लांब रायझिंग मेनमध्ये पाणघाताचा (प्रवाह अचानक बदलल्याने बसणाऱ्या दाबाच्या धक्क्याचा) धोका असतो आणि ईपॅनेट पाणघाताचे गणित करत नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर आणि वेगळा अभ्यास लागतो. टाकीत आग विझवण्यासाठी आणि वीज गेल्यास पुरेल इतका राखीव साठा ठेवावा. आणि पाणी टाकीत फार काळ पडून राहिले तर क्लोरीन उडून जातो, तेव्हा टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरेल याचीही नोंद मॉडेलमध्ये घ्यावी.

गणिताच्या पद्धतीविषयी थोडे सांगतो, कारण निविदांमध्ये आता कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द सर्रास येतो. तीन सारखे पंप असतील तर प्रत्येक तासाला शून्य, एक, दोन किंवा तीन पंप असे चार पर्याय असतात, आणि चोवीस तासांचे मिळून पर्याय २८ वर तेरा शून्ये इतके होतात. ते एकेक तपासणे शक्य नाही. पण आपल्यासारखी एकच मुख्य टाकी असेल तर तिच्या पातळीचे चाळीस टप्पे पाडून तासातासाने पुढे जाणारी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची पद्धत चार हजारांपेक्षा कमी हिशेबांत खात्रीचे उत्तर देते, आणि तेवढे काम साधा संगणक क्षणात करतो. टाक्या वाढल्या की टप्प्यांचे गुणाकार होत जातात आणि ही पद्धत थकते. मग जेनेटिक अल्गोरिदम किंवा पूर्णांकी रेषीय प्रोग्रॅमिंग वापरतात. जेनेटिक अल्गोरिदम हजारो वेळा ईपॅनेट चालवून चांगले उत्तर शोधतो, पण ते सर्वोत्तमापासून किती दूर आहे हे सांगू शकत नाही. पूर्णांकी प्रोग्रॅमिंग ते अंतर सांगते, पण त्यासाठी पंपांचे वक्र सरळ रेषांच्या तुकड्यांत बसवावे लागतात. आपल्या रायझिंग मेनसाठी पहिली पद्धत पुरेशी आहे, आणि चार झोनांच्या व्हॉल्व्हच्या वेळांसाठी जेनेटिक अल्गोरिदम चालेल. दर तासाला टाकीची खरी पातळी घेऊन पुढच्या चोवीस तासांचे वेळापत्रक पुन्हा काढणे, ही सवय कोणत्याही पद्धतीच्या हुशारीपेक्षा जास्त फायदा देते.

आता नावांकडे येतो. ईपॅनेट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि अनेक महागड्या सॉफ्टवेअरच्या पोटातले हायड्रॉलिक गणितही त्याच घराण्यातले आहे. ईपॅनेट स्वतः इष्टतमीकरण करत नाही. दिलेल्या वेळापत्रकाचा परिणाम काय होईल तेवढे सांगते. पण पायथनमधून ते चालवण्यासाठी डब्ल्यूएनटीआर हे मोफत साधन आहे, आणि क्यूजीआयएसमधल्या नकाशावरून मॉडेल उभे करण्यासाठी क्यूजीआयएसरेड हे प्लगिन आहे. आपल्याकडे पायथन जाणणारा एक अभियंता असेल, किंवा पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी करार करता येत असेल, तर एवढ्या साधनांत आपले काम होते. बेंटलीच्या वॉटरजेम्समध्ये कॅलिब्रेशन (मॉडेल प्रत्यक्ष मोजमापाशी जुळवणे) आणि पंपांचे वेळापत्रक काढण्याची तयार सोय आहे, जीआयएसशी जोडणी चांगली आहे. दरवर्षीचे परवाना शुल्क भरण्याची तयारी आणि ते रोज वापरणारा माणूस या दोन्ही गोष्टी असतील तरच ते घ्यावे. मुंबईच्या आयआयटीतून आलेले जलतंत्र हे नाव आपण ऐकले असेल. ते चांगले आहे, पण नव्या योजनेत कोणत्या तुकड्याला कोणत्या व्यासाचा पाइप घालावा हे कमीत कमी खर्चात ठरवण्यासाठी आहे. चालू जाळ्याचे रोजचे संचालन हा त्याचा विषय नाही. निविदेत या दोन कामांची सरमिसळ पुष्कळ वेळा झालेली दिसते.

सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी मॉडेल खरे आहे की नाही हे प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि या कॅलिब्रेशनला मी सर्वांत जास्त वेळ देतो. पुण्याच्या एका चढावरच्या उपनगरातले उदाहरण सांगतो. एका गल्लीच्या टोकाला मॉडेल २१ मीटर दाब दाखवत होते आणि नळावर लावलेला लॉगर (दाबाची सतत नोंद ठेवणारे यंत्र) ९ मीटर. आसपासची बाकी ठिकाणे जुळत होती. कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅमने तत्परतेने उत्तर दिले की त्या वाहिनीचा सी गुणांक (आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा; जितका कमी तितके घर्षण जास्त) ५० धरा, सगळे जुळेल. पण ती सिमेंटचे अस्तर असलेली, काही वर्षांपूर्वीच टाकलेली डीआय (डक्टाइल आयर्न) वाहिनी होती, जिचा गुणांक १४० च्या आसपास असतो. एवढ्या काळात तो ५० वर येण्याचे कारणच नव्हते. म्हणून लॉगरचा आलेख पाळी संपता-संपता पाहिला. हौद भरून प्रवाह मंदावल्यावर मॉडेल आणि लॉगर यांतला फरक जवळजवळ नाहीसा होत होता. फरक प्रवाहाबरोबर कमी होतो याचा अर्थ जमिनीची उंची किंवा गेज चुकलेले नाही, वाटेत अडथळा आहे. प्रवाह थांबल्यावरही फरक तसाच राहिला असता तर उंची पुन्हा मोजावी लागली असती. मग त्या वाहिनीवर थोड्या-थोड्या अंतरावर दाब मोजत गेल्यावर जवळपास सगळी घट दोन घरांमधल्या एका छोट्या तुकड्यात सापडली. तिथे रस्त्याच्या डांबराखाली गाडला गेलेला स्लुइस व्हॉल्व्ह निघाला, तो पूर्ण उघडलेला नव्हता. तिथे चेंबर आहे हे त्या भागातल्या जुन्या चावीवाल्याला आठवत होते. नकाशावर ते नव्हते. प्रोग्रॅमने सुचवलेला ५० हा गुणांक मान्य केला असता तर मॉडेल कागदावर जुळले असते, टोकाला पाणी तसेच कमी राहिले असते आणि पुढे कुणीतरी त्या वाहिनीच्या जागी मोठी वाहिनी टाकण्याचा प्रस्ताव केला असता.

यासाठी आपल्या चारही झोनमध्ये टाकीची बाहेर पडणारी वाहिनी, झोनचा मध्य आणि सर्वांत लांबचे व सर्वांत उंच टोक अशा ठिकाणी लॉगर लावा, आणि पूर्ण आठवड्याची नोंद घ्या, कारण रविवारचा वापर वेगळा असतो. टाक्यांच्या बाहेर बल्क मीटर आधीच असतील तर ते रिकाम्या वाहिनीतल्या हवेवर फिरतात का ते पाहा. पाणी सुटताना पहिल्या काही मिनिटांत मीटर वेड्यासारखा धावत असेल तर ती नोंद वगळावी लागते. गळती मोजण्याची किमान रात्रप्रवाहाची (रात्री वापर थांबल्यावरही जे पाणी वाहते ते बहुतेक गळतीचे, असे धरणारी) जगभर रूढ असलेली पद्धत आपल्याला लागू होत नाही, कारण रात्री आपल्या वाहिन्यांत पाणीच नसते; एखाद्या झोनमध्ये सर्व हौद भरून बंद झाल्यानंतरही अर्धा तास पाणी चालू ठेवून जो प्रवाह उरतो तो मोजला तर गळतीचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

निविदेच्या अटींबद्दल आग्रहाने सांगतो. मॉडेलची मूळ फाइल ईपॅनेटच्या आयएनपी स्वरूपात, सर्व नोंदींसह, नगरपरिषदेच्या मालकीची राहील आणि प्रत्येक बदलानंतर नवी प्रत दिली जाईल, हे स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर करार संपतो, मॉडेल कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि पुढच्या वर्षी सगळे काम पुन्हा विकत घ्यावे लागते. पातळीमापक आणि फ्लो मीटर यांची देखभाल आणि त्यांच्या सिम कार्डांचे मासिक शुल्क या बाबी पहिल्या वर्षानंतरही अंदाजपत्रकात असाव्यात. बंद पडलेल्या सेन्सरची जुनीच संख्या वाचत राहणारे सॉफ्टवेअर आत्मविश्वासाने चुकीचे वेळापत्रक देत राहते. मोबदल्याचा काही भाग प्रत्यक्ष परिणामाशी बांधा, आणि तो परिणाम निव्वळ वीजबिल नसावा: प्रत्येक हजार लिटरमागचे युनिट आणि सर्वांत कमी पाणी मिळणाऱ्या गल्लीचा टक्का, अशी दोन मोजमापे ठेवा.

पहिले तीन-चार महिने सॉफ्टवेअरला पंप किंवा व्हॉल्व्ह आपोआप चालवू देऊ नका. त्याने काढलेले वेळापत्रक सकाळी छापून पंप ऑपरेटर आणि चावीवाल्यांच्या हाती द्या, आणि त्यांनी जिथे बदल केला तिथे का केला हे त्याच कागदावर लिहून घ्या. लग्नाचा मुहूर्त, जत्रा, रस्त्याचे खोदकाम, एका गल्लीत नव्याने उभी राहिलेली मोठी सोसायटी, उन्हाळ्यात बंद पडलेल्या विहिरी अशा गोष्टी त्या कागदावर येतील, ज्या मॉडेलमध्ये नाहीत. दर आठवड्याला ते कागद घेऊन बसा आणि त्यांतल्या ज्या कारणांची पुनरावृत्ती होते ती मागणीच्या तक्त्यात किंवा अटींमध्ये घाला. आपल्या पंपांच्या चाचणीचे आकडे आणि मुख्य टाकीच्या पातळीच्या एका महिन्याच्या नोंदी हाती आल्या की त्या पाठवाव्यात. एका टाकीसाठीचे डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे वेळापत्रक स्प्रेडशीटमध्ये कसे मांडायचे ते मी त्याच आकड्यांवर करून दाखवीन, म्हणजे निविदा काढण्यापूर्वी वेळापत्रकातून वर्षाला नेमकी किती बचत शक्य आहे हे आपल्याला स्वतःला ठाऊक असेल.